नळीच्या तोंडाचे दोन इंच

आमच्या भागात घरात जुनी बंदूक असली की तिच्यामागं कुणीतरी महाराज असतातच. दाजीपूरचं रान म्हणजे कोल्हापूर संस्थानची शिकारीची जागा. त्यामुळं हाकारे घालायला गेलेल्या दर माणसाच्या नातवाकडं एक गोष्ट असते. आज्यानं महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी हातातली बंदूक काढून आज्याला दिली. अंगावर गवा आला होता की वाघ, एवढाच काय तो गोष्टीगोष्टीतला फरक. आमच्या घरात गवा होता.

बंदूक मात्र खरी होती. दुनळी, बारा बोअरची, बाहेर दोन घोडे असलेली. घोडे पाठीकडं वळलेले, बसलेल्या मोराच्या मानेसारखे. दस्ता अक्रोडाचा, हात लागून लागून काळा पडलेला. आजोबा वर्षातून दोनदा ती माजघरात पोत्यावर मांडून पुसायचे. त्या दिवशी आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नसायची. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकार बंद झाली आणि बंदूक मुकी झाली. ती उरली ती उसात घुसलेल्या डुकरांना आवाजानं हाकलण्यापुरती. आजोबा गेल्यावर परवाना तात्यांच्या नावावर झाला, कारण तिघा भावांत शेतावर राहणारे तेच.

वाटणीची बोलणी निघाली तेव्हा बंदुकीचा प्रश्न आला. जमिनीला मोजणी असते, सोन्याला तराजू असतो, बैलाला दात असतात. बंदुकीला काय? शहरातला एक परवानाधारक दुकानदार येऊन बघून गेला. ‘वीस हजार,’ म्हणाला, ‘ते पण नावावर. नळीच्या तोंडाशी आतनं खराबी हाय.’ थोरले आबा म्हणाले, ‘महाराजांची बंदूक वीस हजाराला?’ तर तो हसला. ‘आबा, मला महिन्यात महाराजांच्या तीन बंदुका दाखवतात.’

खराबी होती हे खरं. नळ्यांत मागून पाहिलं तर आतली बाजू आरशासारखी, पण शेवटच्या दोनेक इंचांत चऱ्याच चऱ्या. तात्यांनी गावातल्या लेथवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘तात्या, रीमर घालतो, अर्ध्या तासात गुळगुळीत करून देतो. न्हाईतर तोंडाकडनं दोन इंच कापून टाकू. कुणाला कळतंय?’ तात्या तयार झाले होते. माझे वडील, अण्णा, एवढंच म्हणाले, ‘कापलेलं परत चिकटत नाही. आधी एखाद्या जाणत्याला दाखवा.’

जाणते म्हणजे कोल्हापुरातले एक म्हातारे मिस्त्री. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेलेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. परवान्यासह तात्या, बंदूक आणि मी असे तिघं त्यांच्याकडं गेलो. त्या दुपारी मी जे पाहिलं आणि नंतर वाचून पडताळून घेतलं, ते सांगण्यासारखं आहे. अशी एखादी दुनळी अजून पुष्कळ घरांतल्या कपाटात असेल आणि तिच्यासाठीही कुणीतरी रीमर तयार ठेवला असेल.

चाचांनी आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग कळ फिरवून ती कमरेत मोडली, पुढची लाकडी पकड काढली आणि नळ्या वेगळ्या केल्या. दस्त्याकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, नक्षीकडंही नाही. नळ्यांची जोडी एका बोटावर लोंबती धरली आणि नखानं टिचकी मारली. देवळातल्या घंटेचा शेवटचा सूर राहावा तसा नाद बराच वेळ राहिला. ‘झाळ शाबूत हाय,’ ते म्हणाले. दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी झाळून एकत्र केलेली असते. झाळ कुठं सुटली असेल तर नाद बोदा येतो. बाजारात बाया मडकं वाजवून घेतात, तीच परीक्षा.

मग त्यांनी नळ्या उलट्या केल्या. आम्ही आजवर बंदूक पाहत होतो ती वरून. चाचा वाचत होते ते खालून. नळ्यांची मागची, खालची सपाट बाजू बंदूक मिटल्यावर आत झाकली जाते. तिथं बारीक बारीक शिक्के होते. मला वाटलं होतं, ती बनवणाऱ्याची सही असेल. चाचा म्हणाले, ‘बनवणाऱ्याचं नाव वर असतंय, लोकांना दावायला. खालचं नाव तपासणाऱ्याचं.’

हा तपासणीचा इतिहास फार जुना. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्यानं उभं राहिलं. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची आणि बार काढायचा. फुटली तर भंगारात, टिकली तर शिक्का. विकायच्या आधी बंदुकीनं ही अग्निपरीक्षा द्यायची, असा नियमच. दोन्ही गावांचे शिक्के वेगळे. लंडनचा म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली जी आणि पी ही अक्षरं, शिवाय मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचा जुना शिक्का म्हणजे मुकुट आणि एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन राजदंड. वर नाव लंडनचं आणि खाली राजदंड, असं दिसलं तरी लगेच नाक मुरडायचं कारण नाही. लंडनच्या दुकानाचं नाव असलेल्या कितीतरी बंदुका बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांत घडलेल्या असत.

त्या गल्ल्यांचं वर्णन वाचलं की मला आपली बैलगाडीच आठवते. आपल्याकडं चाक सुताराचं, धाव लोहाराची आणि मिरवायचा मालक. तिथंही एकजण नुसत्या नळ्या घडवी, दुसरा त्या आतून कोरी, तिसरा कुलपं घासी, चौथा अक्रोडाचं लाकूड बसवी, पाचवा नक्षी काढी. अर्धवट बंदूक टोपलीत घालून पोरं या दारातून त्या दारात नेत. शेवटी वरच्या पट्टीवर दुकानाचं नाव पडे. नळी घडवणाऱ्यानं कधी आपल्या नावाची दोन अक्षरं खालच्या बाजूला ठोकून ठेवली असतील, तर तेवढीच त्याची आठवण.

आमच्या नळ्यांखाली लंडनचे दोन्ही शिक्के निघाले. शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, तिच्यात १२ आणि सी. चाचांनी भिंगातून पाहिलं आणि मान डोलावली. ‘ही चौकट १८८७च्या नियमांनंतरची. म्हंजे त्याच्या आधीची बंदूक न्हाई.’ बारा बोअर म्हणजे काय, तेही तेव्हा कळलं. नळीत नेमकी बसेल अशा मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर.

‘आता काय न्हाई ते बघा,’ चाचा म्हणाले. बिनधुराची आधुनिक दारू आली तेव्हा तिच्यासाठी वेगळी कसोटी आणि वेगळा शिक्का आला. लंडनचा तो शिक्का म्हणजे तलवार उगारलेला चिलखती हात आणि खाली एनपी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो नेमानं दिसू लागतो. आमच्या नळीवर हात नव्हता, तलवारही नव्हती. म्हणजे बंदूक १८८७ नंतरची, पण काळ्या दारूच्या जमान्यातली. तात्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. डुकरं हाकलायला ते हल्लीची काडतुसं घालत होते. चाचांनी शांतपणे सांगितलं, ‘तात्या, जुन्या इंग्लिश बंदुकीत काडतुसाचं घर बहुतेक अडीच इंचाचं असतंय. आताचं लांब काडतूस आत बसतंय, पण फुटताना त्येचं तोंड उघडायला जागा न्हाई. दाब वाढतोय. आजपातुर नळीनं सोसलं, ते तुमचं नशीब. ह्यापुढं हिच्यात बार भरायचा न्हाई.’ वीस हजार की दोन लाख हा वाद तिथंच मागं पडला. आधी तात्यांचे हात शाबूत आहेत, याचंच मला हायसं वाटलं.

मग चाचा नळीच्या तोंडाकडं वळले. आत करंगळीचं टोक फिरवलं. पुन्हा फिरवलं. उजेडाकडं धरून पाहिलं आणि आमच्याकडं न बघता विचारलं, ‘हिला खराबी कोण म्हणालं?’

‘दुकानदार.’

‘आणि साफ कोण करणार हुतं?’

तात्या गप्प.

‘हे गंजाचं न्हाई. हे आटे हाईत. मुद्दाम पाडल्यात.’

त्यांनी खडूची पूड बोटावर घेऊन वरच्या पट्टीवर चोळली आणि फडक्यानं हलकेच पुसली. आम्हाला जिथं नुसता मळ दिसत होता, तिथं पांढरी अक्षरं उमटली. काही झिजलेली, काही अर्धी. हॉलंड अँड हॉलंड, ९८ न्यू बाँड स्ट्रीट, लंडन. आणि पुढं एक शब्द, जो चाचांनी अक्षर न अक्षर लावत वाचला: पॅराडॉक्स.

या शब्दामागं एक माणूस आहे. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी. हिंदुस्थानातल्या बंगाल सैन्यातला अधिकारी, १८६३च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. त्याच्यापुढचा प्रश्न रानात फिरणाऱ्या प्रत्येक शिकाऱ्याचा होता. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. ती तितराला, सशाला चालते. पण झुडपातून अचानक गवा निघाला, तर तिच्यातून सुटलेली एकटी गोळी कुठं जाईल याचा भरवसा नाही. रायफलच्या नळीत मागपासून तोंडापर्यंत पिळाचे आटे असतात. त्यांनी गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. पण रायफलीतून छर्रे मारले तर ते चौफेर उधळतात. म्हणजे रानात दोन हत्यारं आणि ती वाहायला दोन माणसं हवीत. फॉस्बेरीनं तोड काढली ती अशी की, सगळी नळी गुळगुळीत ठेवायची आणि आटे फक्त शेवटच्या दोनेक इंचांत पाडायचे. तेवढ्यानं गोळीला फिरकी मिळते आणि छर्ऱ्यांचं फारसं बिघडत नाही. १८८५ साली त्यानं याचं पेटंट घेतलं. हॉलंड अँड हॉलंडनं ते उचललं आणि नाव दिलं पॅराडॉक्स, म्हणजे विरोधाभास. गुळगुळीतही आणि आटेवालीही. छर्ऱ्याला छर्रा, गोळीला गोळी. शंभरेक यार्डांपर्यंत तिची गोळी नेमकी लागे. पट्टीवर दोन छोट्या पाकळ्या उभ्या करता येतात त्या का, हेही आता उलगडलं. त्या गोळीच्या नेमासाठी. छर्ऱ्याच्या साध्या बंदुकीला त्यांची गरजच नसते.

हिंदुस्थानच्या रानांसाठी ती जणू बेतूनच काढली होती. पुढं इतरांनीही तसल्या बंदुका आणल्या. वेस्टली रिचर्ड्सची ‘एक्सप्लोरा’ आणि लहान बोअरची ‘फॉनेटा’, चार्ल्स लँकेस्टरची ‘कॉलिंडियन’. शेवटच्या नावात तर वसाहती आणि इंडिया दोन्ही कोंबलेले आहेत. गिऱ्हाईक कुठलं, ते नावातच सांगून टाकलं.

म्हणजे ज्या दोन इंचांना आम्ही खराबी म्हणत होतो, तेच या बंदुकीचं सर्वस्व होतं. लेथवाल्याचा अर्धा तास झाला असता, तर उरली असती एक जुनी, बार न भरता येणारी दुनळी.

किंमत कशावर ठरते, हे चाचांनी बोटं मोडत सांगितलं. पहिलं, नाव खरं आहे का. वरचं नाव कुणीही कोरू शकतो. बेल्जियममध्ये लीजला बनलेल्या स्वस्त बंदुकांवर इंग्लिश वाटतील अशी नावं घालून त्या जगभर विकल्या गेल्या. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ वाचून ती ‘वेस्टली रिचर्ड्स’ समजणारे आजही भेटतात. अशा वेळी खाली पाहायचं. लंबगोलात ईएलजी असेल तर ती लीजची. दुसरं, नंबर. चापाच्या कडीच्या शेपटावर, नळ्यांवर, पुढच्या लाकडावर नंबर एकच हवा. वेगळा निघाला तर दोन बंदुकांची एक केलेली. सोन्यात १ किंवा २ जडवलेला असेल तर ती जोडीतली. जोडी फुटली की किंमतही फुटते. तिसरं, नळ्या मूळच्या आहेत का, कापलेल्या का. तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात. मधे फट दिसली तर कुणीतरी पुढून कापल्या. चौथं, भिंत किती जाड उरली आहे. गंज काढायला नळी आतून पुन्हा पुन्हा घासली की पत्र्यासारखी होते. पाचवं, चमक. ‘लोकं ब्रासो लावून आणत्यात,’ चाचा म्हणाले. ‘कोरलेली कड गेली, जुना रंग गेला, म्हंजे पैसं गेलं. बंदुकीची सुरकुती काढायची नसती.’

आमच्या बंदुकीचे तिन्ही नंबर जुळले. नळ्या कापलेल्या नव्हत्या. दस्त्याला मानेजवळ एक जुनी चीर होती आणि नक्षी बरीच पुसली गेली होती, ती आजोबांच्या पोत्याच्या कृपेनं.

‘मग किती?’ तात्यांनी विचारलंच.

चाचा म्हणाले, ‘कुठं?’

हा खरा प्रश्न. लंडनच्या लिलावात अशी बंदूक निघाली तर तिथं जमलेल्या शौकिनांत चढाओढ लागते. पण आपली बंदूक तिथं जाऊ शकत नाही. १९७२च्याच आणखी एका कायद्यानं शंभर वर्षांवरच्या पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. इथं विकायची तर घेणाऱ्याकडं परवाना हवा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. म्हणजे गिऱ्हाईक आणखी कमी. उलट बाजूनं, परदेशी बंदुकांची आयात गेली कित्येक दशकं सामान्य माणसाला बंद आहे, म्हणून देशात आधीपासून असलेल्या चांगल्या इंग्लिश बंदुकीला मान आहे. काहींना वाटतं, बंदूक जुनी झाली की परवाना लागत नाही. तसं नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही बार काढता येणार नाही अशा पुराणवस्तूला. आमचीत तर कालपर्यंत बार निघत होता. कागद नसतील तर हीच पॅराडॉक्स वस्तू राहत नाही, गुन्हा होते.

म्हणून चाचांचा शेवटचा सवाल कागदांचा होता. घरी आल्यावर आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात परवान्याचं जुनं पुस्तक होतं. दर नूतनीकरणाचा शिक्का, घेतलेल्या काडतुसांच्या नोंदी, प्रत्येक निवडणुकीआधी ठाण्यात जमा केल्याची आणि परत मिळाल्याची तारीख. त्याच्या पोटात घडी घातलेली एक इंग्रजी पावती निघाली. १९४६ साल. बेळगावच्या छावणीतून मायदेशी निघालेल्या एका साहेबानं आजोबांना बंदूक विकल्याची. खाली बंदुकीचा नंबर. तोच, चापाच्या कडीवरचा.

म्हणजे महाराज नव्हते, गवाही नव्हता. एक साहेब देश सोडून निघाला होता आणि एक शेतकरी ती बंदूक विकत घेत होता. १८७८च्या लिटनच्या शस्त्र कायद्यानं साहेबाला परवाना लागत नव्हता आणि आपल्या माणसाला लागत होता. तो कायदा करणाऱ्यांचंच हत्यार आमच्या आज्यानं पैसे मोजून, पावती घेऊन, नंबर लिहून घरात आणलं. मला तर ही गोष्ट गव्यापेक्षा मोठी वाटते. आबांना नाही वाटली. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘पावती जपून ठेवा. म्हातारा कुणाचं फुकट घेत नव्हता, येवढं तरी कळलं.’

हॉलंड अँड हॉलंडच्या जुन्या वह्या टिकून आहेत. नंबर कळवला आणि शुल्क भरलं तर बंदूक कधी बनली, पहिल्यांदा कुणाला दिली, हे कळू शकतं. तिचा पहिला अध्याय त्या वह्यांत आहे. पुढचे अध्याय तिकडं कुणाकडं नाहीत. ते आमच्या पत्र्याच्या पेटीत, गोल शिक्क्यांच्या पुस्तकात आहेत. बाजारात दोन्ही मिळूनच किंमत होते. नळीखालचे शिक्के ती कोण आहे ते सांगतात आणि परवान्यातले शिक्के ती कुणाची आहे ते.

तिघा भावांनी दुकानदाराचा आकडा बाजूला ठेवला. बंदूक तिघांची धरली, परवाना तात्यांचा, आणि विकायचा विषय निघाला तर तिघांच्या सह्या लागतील असं वाटणीच्या कागदावर लिहिलं. डुकरांसाठी तात्यांनी फटाके आणले. बंदूक आता वर्षातून दोनदा पुसली जाते, तीही चाचांनी शिकवलं तशी. गज मागच्या बाजूनं घालायचा, तेलाचा बोळा तोंडापर्यंत हळू न्यायचा आणि शेवटच्या दोन इंचांवर जोर द्यायचा नाही.